हवेची मालकी आणि वर्गणीचा आवाज
(अमेरिकेतील स्वतंत्र नभोवाणीच्या इतिहासाचा एक विचार)

१

वृत्तपत्रस्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे जेव्हा जेव्हा होते, तेव्हा ती बहुधा सरकार आणि संपादक या दोघांच्या झगड्याची चर्चा असते. सरकारने सेन्सॉर बसवला की स्वातंत्र्य गेले, सरकारने तो उठवला की स्वातंत्र्य आले, असा हा हिशेब आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळातील अनुभवाने ही समजूत अधिकच पक्की केली. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. सरकार बाजूला झाले की प्रत्येकाच्या हाती बोलण्याचे साधन आपोआप येते, असे एक गृहीत तिच्या पोटात दडलेले आहे. ज्यांच्या हाती ते साधन कधीच नव्हते, त्यांनी हे गृहीत का मान्य करावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा 'केसरी'ने त्याची साधी जाहिरातही छापली नाही. पैसे मोजण्याची तयारी असूनही छापली नाही. तेथे इंग्रज सरकारचा कोणताही कायदा आडवा आलेला नव्हता. आडवी आली ती छापखान्याच्या मालकाची मर्जी. पुढे १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी भारतीय वृत्तपत्रांची झाडाझडती घेतली. एके काळी पत्रकारिता हा पेशा होता, आता तो धंदा झाला आहे आणि साबण तयार करणाऱ्या कारखान्याहून अधिक नैतिक जबाबदारी तो मानीत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

बाबासाहेबांनी साबण उपमा म्हणून वापरला. अमेरिकेतील नभोवाणीच्या इतिहासात मात्र तो साक्षात उभा आहे. तेथे १९३० नंतर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी ज्या कौटुंबिक मालिका ध्वनिक्षेपित होत, त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करीत. म्हणून त्या मालिकांना 'सोप ऑपेरा' हेच नाव पडले. साबण विकला जावा म्हणून कथा सांगितली जात होती आणि कथेत काय यावे, काय येऊ नये, हे साबण विकणारा ठरवीत होता.

या लेखासाठी अमेरिकेचा इतिहास निवडण्याचे कारण हेच. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा संसदेने करू नये, असे त्या देशाच्या घटनेत १७९१ पासून लिहिलेले आहे. सरकारी बंधनाचा प्रश्न कागदावर तरी तेथे सुटलेला आहे. म्हणूनच दुसरा प्रश्न, म्हणजे साधन कोणाचे आणि त्याचा खर्च कोण भागवतो हा प्रश्न, तेथे अधिक उघडावाघडा दिसतो.

२

२ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील 'केडीकेए' या केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेतून सांगितले. तेथून अमेरिकेतील नियमित नभोवाणीचा आरंभ मानतात. केंद्र वेस्टिंगहाउस या विद्युत कंपनीचे होते. रेडिओचे संच विकले जावेत हा तिचा हेतू होता. पण त्या पहिल्या वर्षांत हवा कोणा एकाच्या ताब्यात नव्हती. विद्यापीठे, शेतकी महाविद्यालये, चर्च, कामगार संघटना, हौशी तंत्रज्ञ अशा अनेकांनी आपापली केंद्रे उभारली. हवेतून बोलणे म्हणजे व्यापार, हे समीकरण अजून ठरायचे होते.

ते ठरू लागले २८ ऑगस्ट १९२२ रोजी. त्या दिवशी न्यूयॉर्कमधील 'डब्ल्यूईएएफ' या केंद्रावरून सदनिका विकणाऱ्या एका कंपनीने पैसे मोजून आपल्या मालाची तारीफ केली. केंद्र दूरध्वनीच्या क्षेत्रातील बलाढ्य एटी अँड टी कंपनीचे होते. टेलिफोनवर बोलण्याचे जसे पैसे घ्यायचे, तसे हवेत बोलण्याचेही घ्यायचे, हा तिचा साधा व्यापारी विचार. त्याच वर्षी त्या देशाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांनी, लोकसेवेचे इतके मोठे साधन जाहिरातींच्या बडबडीत बुडू देणे ही कल्पनाही करवत नाही, असे मत व्यक्त केले होते. हूव्हर १९२९ मध्ये अध्यक्ष झाले, तोवर ती कल्पना प्रत्यक्षात उतरून राजमान्यही झाली होती.

१९२७ च्या रेडिओ कायद्याने तत्त्व मोठे चांगले सांगितले. लहरी कोणाच्या मालकीच्या नाहीत. केंद्राला मिळतो तो मुदतीचा परवाना आणि तो सार्वजनिक हित, सोय व गरज पाहून द्यावा, असे हे तत्त्व होते. परंतु सार्वजनिक म्हणजे काय, हे ठरविण्याचे काम नव्या रेडिओ आयोगाकडे गेले. आयोगाने लावलेला अर्थ मुळातूनच समजून घेण्यासारखा आहे. जे केंद्र सर्व प्रकारच्या श्रोत्यांचे मनोरंजन करते ते सार्वजनिक. जे एखाद्या संघटनेची, पंथाची वा विचाराची बाजू मांडते ते 'प्रचारकी'. जाहिरातीवर चालणारे केंद्र आपला माल सर्वांनाच विकू पाहते, म्हणून ते सर्वांचे ठरले. कामगारांचे केंद्र फक्त कामगारांचे ठरले.

ही भाषा आपल्याला नवी नाही. प्रस्थापितांचे ते राष्ट्रीय आणि दलितांचे ते जातीय, ही वाटणी आपण आयुष्यभर ऐकत आलो आहोत. बहुसंख्य माणसे श्रमिक असलेल्या देशात श्रमिकांचा आवाज 'एका गटाचा' ठरतो आणि मूठभर कंपन्यांचा आवाज 'सर्वांचा' ठरतो, ही किमया परवाना देणाऱ्याच्या व्याख्येत असते.

त्या व्याख्येचे परिणाम लवकरच दिसले. शिकागोच्या कामगार महासंघाने १९२६ मध्ये 'डब्ल्यूसीएफएल' हे केंद्र सुरू केले होते. १९२८ च्या लहरींच्या फेरवाटपात त्याची वेळ आणि शक्ती दोन्ही कापली गेली. शिक्षणसंस्थांची गत याहून वाईट झाली. १९२१ ते १९३६ या काळात त्यांना जे सुमारे दोनशे परवाने मिळाले होते, त्यांपैकी चाळीसही शिल्लक उरले नाहीत. दर काही महिन्यांनी वॉशिंग्टनला वकील पाठवून आपली लहर राखणे कंपन्यांना परवडत होते, महाविद्यालयांना परवडत नव्हते. कोणाचाही गळा सरकारने दाबला नाही, खर्चाने दाबला.

याविरुद्ध एक शेवटचा प्रयत्न १९३४ मध्ये झाला. सिनेटर वॅग्नर आणि सिनेटर हॅटफिल्ड यांनी एक दुरुस्ती मांडली. एकूण लहरींपैकी एक चतुर्थांश लहरी शिक्षण, धर्म, शेती, कामगार इत्यादी क्षेत्रांतील विनानफा संस्थांसाठी राखून ठेवाव्यात, अशी ती दुरुस्ती होती. आपल्या भाषेत सांगायचे तर ही हवेतील राखीव जागांची मागणी होती. व्यापारी नभोवाणीच्या संघटनेने आपली सारी ताकद तिच्याविरुद्ध लावली आणि १५ मे १९३४ रोजी सिनेटने ती ४२ विरुद्ध २३ मतांनी फेटाळली. तेवीस मते म्हणजे थोडी नव्हेत. अमेरिकेची हवा व्यापाऱ्यांकडे गेली ती निसर्गनियमाने नव्हे, मतदानाने गेली. आणि दुसरा मार्ग समोर असताना गेली.

३

व्यापारी हवेत काळ्या माणसाचे स्थान काय होते? 'एमॉस अँड अँडी' ही त्या काळची सर्वांत लोकप्रिय मालिका. १९२८ मध्ये ती शिकागोत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी एनबीसीच्या जाळ्यामार्फत देशभर गेली. तिचा खर्च एक टूथपेस्ट बनवणारी कंपनी करीत होती. तिच्यातील काळी पात्रे दोन गोरे नट वठवीत. काळ्यांच्या बोलीची, त्यांच्या भोळेपणाची, त्यांच्या फजितीची नक्कल करून देशाला हसवीत. काळ्या माणसांचा आवाज हवेत होता, पण तो त्यांच्या घशातला नव्हता.

याविरुद्ध 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने १९३१ मध्ये सह्यांची मोहीम काढली आणि लाखो सह्या गोळा केल्या. मालिका बंद झाली नाही. टूथपेस्ट खपत होती, हे पुरेसे उत्तर होते. या प्रसंगात सेन्सॉर शोधू गेल्यास सापडत नाही. मालिका करणाऱ्यांना स्वातंत्र्य होते, साप्ताहिकालाही छापण्याचे स्वातंत्र्य होते. फरक एवढाच की, एका स्वातंत्र्यापाशी सबंध देशाला ऐकू जाईल असे यंत्र होते, दुसऱ्यापाशी नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र थोडे बदलले. १९४८ मध्ये मेम्फिस येथील 'डब्ल्यूडीआयए' या केंद्राने काळ्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. मालक गोरेच होते. काळी वस्ती ही मोठी बाजारपेठ आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १९४९ मध्ये अटलांटा येथे जेसी ब्लेटन या काळ्या गृहस्थांनी 'डब्ल्यूईआरडी' केंद्र विकत घेतले. काळ्या माणसाच्या मालकीचे ते अमेरिकेतील पहिले केंद्र होय. रेडिओ सुरू होऊन एकोणतीस वर्षे उलटल्यावर हा योग आला.

मालक गोरा आणि निवेदक काळा, या रचनेत किती बोलता येते याचे एक उदाहरण १९६३ मधील बर्मिंगहॅमचे आहे. मे महिन्यात वर्णविभेदाविरुद्ध शाळकरी मुलांचा सत्याग्रह झाला आणि हजारो मुले तुरुंगात गेली. मुलांना कोठे आणि केव्हा जमायचे याचा इशारा शेली स्टुअर्ट, 'टॉल पॉल' व्हाइट अशा लोकप्रिय निवेदकांनी गाण्यांच्या मधल्या गप्पांतून दिला. 'उद्यानात मेजवानी आहे, टूथब्रश सोबत आणा,' अशा धर्तीची ती सांकेतिक भाषा. टूथब्रश म्हणजे तुरुंगात राहण्याची तयारी. मुलांना ते बरोबर कळले.

या चातुर्याचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण कौतुकाच्या भरात मूळ गोष्ट विसरता कामा नये. आपल्याच वस्तीशी, आपल्याच मुलांशी, आपल्याच हक्काविषयी बोलताना ज्याला सांकेतिक भाषा वापरावी लागते, तो स्वतंत्र नसतो. तो परक्याच्या घरात खिडकीतून खुणा करीत असतो.

४

स्वतःचे घर बांधण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग याच सुमारास कॅलिफोर्नियात झाला. युद्धाला विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या लुइस हिल या तरुणाने १९४६ मध्ये पॅसिफिका ही संस्था स्थापिली आणि १५ एप्रिल १९४९ रोजी बर्कली येथून 'केपीएफए' हे केंद्र हवेत आले. तेथे जाहिराती नव्हत्या. विद्यापीठाचा वा चर्चचा आश्रयही नव्हता. खर्च श्रोत्यांनी वर्गणीतून भागवायचा, ही त्याची अट होती.

रेडिओ तर फुकट ऐकता येतो. वर्गणी दिली नाही म्हणून कोणाचा संच बंद पडत नाही. मग माणसे पैसे देतील कशाला? हिलचे उत्तर मार्मिक होते. ऐकू शकणाऱ्यांपैकी शंभरांत दोघांनी जरी आपणहून वर्गणी दिली, तरी केंद्र चालेल. आणि ते दोघे देतील ते ऐकण्याची किंमत म्हणून नव्हे, तर हा आवाज टिकावा म्हणून. व्यापारी केंद्राला शंभरांतले शंभर हवे असतात, म्हणून ते कोणालाच न दुखावणारे बोलते. वर्गणीच्या केंद्राला दोघे पुरतात, म्हणून ते खरे बोलू शकते.

प्रयोग सोपा नव्हता. ऑगस्ट १९५० मध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडले. श्रोत्यांनी सभा घेतल्या, पैसा जमविला आणि मे १९५१ मध्ये ते पुन्हा सुरू केले. १९५९ मध्ये लॉस एंजलिसला दुसरे केंद्र निघाले. १९६० मध्ये न्यूयॉर्कचे 'डब्ल्यूबीएआय' हे केंद्र त्याचे मालक लुइस श्वाइट्झर या कागदाच्या कारखानदाराने पॅसिफिकाला देऊन टाकले.

मग सरकार जागे झाले. १९६२ मध्ये 'डब्ल्यूबीएआय'ने एफबीआयच्या एका माजी अधिकाऱ्याची मुलाखत ध्वनिक्षेपित केली आणि त्या खात्याच्या आतल्या कारभाराचे वाभाडे निघाले. लागलीच १९६३ मध्ये सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने पॅसिफिकाच्या चालकांना चौकशीला बोलावले. परवान्यांचे नूतनीकरण लांबणीवर पडले; ते जानेवारी १९६४ मध्ये झाले. १९७० मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे पॅसिफिकाचे 'केपीएफटी' केंद्र निघाले, तेव्हा कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी त्याचे प्रक्षेपण यंत्र बॉम्बने उडवले. हे १२ मेला झाले. यंत्र दुरुस्त झाले, तेव्हा ६ ऑक्टोबरला पुन्हा उडवले. केंद्र तिसऱ्यांदा उभे राहिले.

चौकशी, परवान्याची टांगती तलवार आणि बॉम्ब, या तिन्हींतून वर्गणीचे केंद्र तरले. सरकारला आणि गुंडांना ते पुरून उरले. त्याला खरा धोका निर्माण झाला तो पैशाने आणि तोही बाहेरून नव्हे, आतून.

५

८ फेब्रुवारी १९९६ रोजी अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा अमलात आला. तोपर्यंत एका कंपनीला देशभरात एएमची वीस आणि एफएमची वीस अशी चाळीस केंद्रेच बाळगता येत. ही मर्यादा पूर्णपणे उठवण्यात आली. स्पर्धा वाढेल, असे सांगितले गेले. घडले उलटे. चार-पाच वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीच्या ताब्यात सुमारे बाराशे केंद्रे आली. गावोगावचे निवेदक कमी झाले आणि एका शहरात ध्वनिमुद्रित केलेला आवाज अनेक शहरांत 'स्थानिक' म्हणून वाजू लागला.

त्याचा अर्थ काय, ते नॉर्थ डकोटातील मायनॉट या गावाने अनुभवले. १८ जानेवारी २००२ रोजी पहाटे गावाशेजारी मालगाडी घसरली आणि अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर आला. एक माणूस दगावला, शेकडो लोकांना बाधा झाली. गावातील सहा व्यापारी केंद्रे एकट्या क्लिअर चॅनलची होती. पोलिसांनी केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा वेळेवर कोणी भेटले नाही. पोलिसांनी आणीबाणीची यंत्रणा नीट वापरली नाही, असे कंपनीने म्हटले. दोष कोणाचा किती, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. गाव झोपेत गुदमरत असताना हवेत सहा आवाज होते आणि त्यांतला एकही गावाशी बोलत नव्हता.

या कायद्याचा दुसरा परिणाम असा की, परवान्यांच्या किमती भडकल्या. लहर जनतेची, परवाना मुदतीचा, हे सारे कागदावर राहिले आणि परवाना ही कोट्यवधी डॉलरची जिंदगी बनली. 'केपीएफए' आणि 'डब्ल्यूबीएआय' यांच्या लहरी ऐन व्यापारी पट्ट्यातल्या होत्या. ज्या चळवळीच्या हाती काही नव्हते, तिच्या हाती अचानक एक मौल्यवान वस्तू आली. आणि मौल्यवान वस्तू आली की ती विकण्याचा विचारही येतो.

१९९९ च्या आरंभी पॅसिफिकाच्या राष्ट्रीय मंडळाने आपली रचना बदलली. स्थानिक केंद्रांच्या सल्लागार मंडळांतून सदस्य घेण्याची रीत मोडून मंडळ आपले सदस्य आपणच नेमू लागले. मार्चअखेर 'केपीएफए'च्या व्यवस्थापिकेला काढण्यात आले. त्याविषयी हवेत बोलायचे नाही, असा हुकूम निघाला; जे बोलले त्यांना काढण्यात आले. १३ जुलै १९९९ रोजी डेनिस बर्नस्टीन या पत्रकाराला केंद्रातून बाहेर काढताना झालेली झटापट श्रोत्यांनी थेट ऐकली. मग कर्मचाऱ्यांना बाहेर काढून केंद्राला टाळे लागले. त्याच दिवसांत मंडळाच्या एका सदस्याचा ई-मेल चुकीच्या पत्त्यावर गेला आणि केंद्र विकण्याचा विचार चालला असल्याचे जगाला कळले. ३१ जुलैला बर्कलीच्या रस्त्यांवर सुमारे दहा हजार माणसे उतरली.

येथे एक तपशील मुद्दाम नोंदवला पाहिजे. त्या वेळी राष्ट्रीय मंडळाच्या अध्यक्षपदी मेरी फ्रान्सिस बेरी होत्या. त्या कृष्णवर्णीय, विद्वान इतिहासकार आणि अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्या अध्यक्षा होत्या. श्रोतृवर्ग पुरेसा विविध नाही, गोऱ्या सुशिक्षितांपुरता आहे, असा राष्ट्रीय मंडळाचा आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण ज्या संस्थेत वर्गणी देणाऱ्याला मत नाही, तेथे योग्य आक्षेपही वरून आलेला हुकूम बनतो. म्हणून हा प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नाही. चांगली माणसे वर बसवली म्हणजे संस्था लोकांची होत नाही.

लढा अडीच वर्षे चालला. डिसेंबर २००१ मध्ये तडजोड झाली आणि २००३ मध्ये नवी घटना आली. तिच्यानुसार श्रोते आणि कर्मचारी स्थानिक मंडळे निवडू लागले. यानंतर सारे सुरळीत झाले, असे सांगणे म्हणजे इतिहासाशी बेइमानी ठरेल. गटबाजी माजली, वर्गणी घटली, कर्ज वाढले. न्यूयॉर्कच्या केंद्राचा मनोरा एम्पायर स्टेट इमारतीवर होता. त्याचे भाडे थकले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने घरमालक कंपनीच्या बाजूने सुमारे १८ लाख डॉलरचा निवाडा दिला. आवाज श्रोत्यांचा होता, पण तो ज्या मनोऱ्यावरून जात होता तो भाड्याचा होता. वर्गणीचे स्वातंत्र्य एकदा मिळवून ठेवून देण्याची वस्तू नाही. ते दर महिन्याला भरावे लागते.

६

पॅसिफिका ही अखेर परवाना मिळवू शकणाऱ्यांची कहाणी. ज्यांना परवान्याच्या दारातही उभे करीत नाहीत, त्यांचे काय?

इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरात जॉन हे होम्स नावाची सरकारी घरांची गरीब वस्ती होती. तेथील म्बाना कँटाको या दृष्टिहीन काळ्या माणसाने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या राहत्या घरातून एक केंद्र सुरू केले. प्रक्षेपकाची शक्ती एक वॅट होती. लहान दिव्यालाही याहून अधिक वीज लागते. आवाज मैल-दोन मैल जाई. पण शहरातील बरीचशी काळी वस्ती तेवढ्यातच कोंडलेली असल्याने तो पुरत होता. विभक्त वस्ती ही त्यांच्यावर लादलेली होती. त्यांनी तिचेच श्रोतृक्षेत्र केले. पोलिसांनी मारलेली माणसे या केंद्रावर येऊन आपली हकीकत स्वतः सांगू लागली.

इतक्या कमी शक्तीच्या केंद्राला परवाना देण्याची सोयच तेव्हाच्या नियमांत नव्हती. १९८९ मध्ये केंद्र बंद करण्याचा आदेश आणि ७५० डॉलरचा दंड आला. कँटाकोने दंड भरला नाही. थोड्याच दिवसांत केंद्र पुन्हा सुरू केले. त्याचे पाहून ठिकठिकाणी विनापरवाना छोटी केंद्रे निघाली. बर्कलीत स्टीफन डनिफर याने तर असे प्रक्षेपक बनवून वाटण्याचेच काम हाती घेतले. कायदेभंग एवढा पसरला की कायदा बदलण्याचा विचार करावा लागला.

जानेवारी २००० मध्ये संघराज्य दूरसंचार आयोगाने १०० वॅटपर्यंतच्या विनानफा केंद्रांना परवाने देण्याचे ठरवले. आयोगाचे अध्यक्ष विल्यम केनार्ड हे त्या पदावर आलेले पहिले कृष्णवर्णीय. व्यापारी केंद्रांच्या संघटनेने लगेच ओरड केली की या छोट्या केंद्रांमुळे मोठ्या केंद्रांच्या लहरींत अडथळा येईल. सार्वजनिक म्हणवणारी 'एनपीआर'ही त्यांच्या बाजूने उभी राहिली. डिसेंबर २००० मध्ये संसदेने बहुतेक शहरांतील दारे बंद केली. पुढे संसदेनेच करविलेल्या तांत्रिक पाहणीचा निष्कर्ष २००३ मध्ये आला: अडथळ्याची भीती निराधार आहे. तरीही दारे उघडायला जानेवारी २०११ उजाडावा लागला.

मधल्या काळात ज्या थोड्या केंद्रांना परवाने मिळाले, त्यांत फ्लोरिडातील इमोकली येथील टोमॅटो तोडणाऱ्या शेतमजुरांचे केंद्र होते. २००३ च्या डिसेंबरात देशभरातून आलेल्या कार्यकर्त्यांनी मजुरांबरोबर राबून ते उभारले. मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती येथून आलेले हे मजूर स्पॅनिश, हैतीयन आणि माया भाषा बोलतात. बुडवलेली मजुरी कशी मागावी, कायद्याने काय मिळते, हे त्यांनी आपापल्या भाषेत एकमेकांना सांगावयास सुरुवात केली. ही भाषा कोणत्याही जाहिरातदाराला नको होती. कारण ती बोलणाऱ्यांच्या खिशात खरेदीसाठी काही नव्हते.

सरकारी अनुदान हा तिसरा मार्ग आहे, असे काहींना वाटते. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणासाठी महामंडळ निर्माण केले होते. जुलै २०२५ मध्ये संसदेने त्याचे दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलरचे मंजूर अनुदान परत घेतले आणि महामंडळाने आपला गाशा गुंडाळण्याचे जाहीर केले. अठ्ठावन्न वर्षांची व्यवस्था एका मतदानाने संपली.

७

हा इतिहास दूर देशाचा असला तरी त्यातून उठणारा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाशवाणीची सरकारी मक्तेदारी मोडण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. पण मोडलेली मक्तेदारी गेली कोणाकडे? एफएमच्या लहरींचा लिलाव झाला. सार्वजनिक मालमत्ता सर्वाधिक बोली लावणाऱ्याला मिळाली आणि त्याला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई झाली. म्हणजे गाणी वाजवा, जाहिराती वाजवा, बोलू नका. सामुदायिक नभोवाणीसाठी २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना दार उघडले. बातम्यांची मनाई तिलाही लागू झाली. तरीही १५ ऑक्टोबर २००८ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात 'संगम रेडिओ' सुरू झाला आणि तो दलित स्त्रियांनी चालवला. बियाणे, पीक, मजुरी, आजार, सणवार यांविषयी त्या आपल्याच तेलुगू बोलीत बोलल्या. त्यांना निवेदनाची 'शुद्ध' भाषा शिकावी लागली नाही. आकाशवाणीवर ती अट पहिली असती.

आता निष्कर्ष मांडता येईल. माध्यम सरकारचे असो वा कंपनीचे, जो खर्च भागवतो तो अखेर आवाज ठरवतो. सरकार हुकूम काढते, कंपनी फक्त जाहिरात काढून घेते. परिणाम एकच होतो आणि दुसऱ्या प्रकाराला सेन्सॉर म्हणायलाही कोणी धजत नाही. यातून सुटण्याचा खात्रीचा मार्ग इतिहासाला अजून सापडलेला नाही. पण तीन गोष्टी त्याने सिद्ध केल्या आहेत. शंभरांतले दोघे पुरेसे असतात. त्या दोघांना कारभारात मत नसेल तर त्यांच्याच पैशावर त्यांचाच आवाज विकला जाऊ शकतो. आणि जेथे परवानाच नाकारला जातो, तेथे एका वॅटने सुरुवात करण्याचा अधिकार माणसाला असतो.

'मूकनायक' बंद पडले, 'बहिष्कृत भारत'ही बंद पडले. ते सरकारने बंद पाडले नव्हते. ज्यांच्यासाठी ते होते, त्यांच्या खिशात वर्गणी नव्हती. ज्यांच्या खिशात होती, त्यांना ते नको होते. आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. आपल्यातील शिक्षक, कारकून, अधिकारी, प्राध्यापक यांची संख्या मोठी आहे. व्यापारी माध्यमांत आपल्याला जागा मिळत नाही, अशी तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. पण आपली स्वतःची नियतकालिके, आपली ध्वनिक्षेपणे, आपली छोटी प्रकाशने यांची वर्गणी आपल्यापैकी किती जण वेळेवर भरतात, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. दुसऱ्याच्या मनोऱ्यावरून आपला आवाज जाईल, ही आशा सोडली पाहिजे. मनोरा आपला हवा असेल तर त्याचे भाडे आपणच भरायचे आहे आणि भरल्यानंतर त्याचा हिशेबही आपणच मागायचा आहे.